वरच्या खोलीतली माती

ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुट्टी संपवून तू विद्यापीठात परत गेलीस आणि घर सुनं झालं. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून कुणी नैसर्गिक संसाधनांचं संवर्धन शिकायला वसतिगृहात जाऊन राहतं का, असं मी दुकानात कपडे शिवता शिवता गिऱ्हाइकांना अजूनही विचारतो. तेही हसतात.

हिची कंबर धरली आहे, म्हणून वरची खोली मीच आवरली. टेकडीवरची माती तू वर्तमानपत्रांवर पसरून ठेवली होतीस, ती कुंड्यांसाठीच असणार. ढिगाढिगाशी आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. त्याप्रमाणे एक नंबरची माती पहिल्या कुंडीत, दोनची दुसरीत, अशी शिस्तीत भरली, खत मिसळलं आणि टोमॅटोची रोपं लावली. खोली आरशासारखी लख्ख झाली आहे.

शाबासकी उलट टपाली पाठवावी.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा


ता. ११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शाबासकी कुठून देऊ? ते माझ्या प्रबंधाचे नमुने होते रे. टेकडीवर जिथे चराई बंद केली आणि जिथे चालू आहे, तिथली माती पावसाने किती धुपते ते बघायचं होतं. उन्हाळ्यातले नमुने तपासून झालेत. हे पाऊस थांबल्या थांबल्या घेतलेले. इथे सावलीत वाळवायला जागा नाही, म्हणून घरी पसरले होते. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आता टेकडी वाळली, पुढच्या पावसाशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे पदवी आणखी एक वर्ष लांबली.

खरं सांगू? मला रागही आला नाही. हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटते. आता सोडून दिलं तर खापर तुझ्या डोक्यावर फुटेल, माझ्या नाही. वर्गातली पोरं मला मावशी म्हणतात आणि आकडेमोड हळूहळू समजावून सांगतात, जसं मी आपल्या आईला बँकेचं समजवायचे. गुडघे जिना चढू देत नाहीत. मी फार दमले आहे. महिनाअखेर सामान घेऊन येते.

तुझ्या बायकोला सांग, तुझ्यावर चिडू नको म्हणावं.

थकलेल्या बहिणीवर माया असू दे.
ताई


ता. १७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिनेही वाचलं. ही माझ्याशी बोलणं सोडून बसली आहे, जेवताना मीठ तेवढं मागते. तू चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

रविवारी दुकान बंद ठेवून टेकडीवर गेलो आणि दोन्हीकडची माती घेऊन आलो. तिथल्या राखणदाराने हटकलं, तेव्हा बहिणीच्या अभ्यासाची आहे म्हणून सांगितलं. छाती जरा फुगलीच. साबणाचं रिकामं खोकं भरून आजच पार्सलने पाठवलं आहे. जमलं तर बघ. तुझ्या शिकण्याला हसायचो, पण ही टेकडी ताई वाचवणार हेही मीच सांगत सुटलो होतो. तू आता सोडू नकोस.

राग धरलास तरी चालेल, पण लोभ तोडू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. २५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. बाईंनी ते गंभीर चेहऱ्याने उघडलं. मातीला साबणाचा वास आणि आत एक जिवंत गांडूळ. आधी त्या हसल्या, मग मी. इतकं हसले की रडूच आलं. माती काही उपयोगाची नाही. ओलीच कोंबलीस, बरीचशी पायवाटेवरची आहे आणि कुठली कुठची हे लिहायलाही विसरलास.

काय चुकलं ते समजावून सांगायला काल बसले. वरचा पाला सारायचा, वीतभर खड्डा घ्यायचा, पायवाट टाळायची, सात-आठ जागांची माती एकत्र करून कापडी पिशवीत भरायची आणि पिशवीवर जागा लिहायची. लिहिता लिहिता तीन पानं झाली. पुढच्या पावसानंतर कुठल्या उतारापासून सुरुवात करायची ते लिहीत होते, तेव्हा भान आलं. शिक्षण सोडून निघालेली बाई असलं काही लिहीत बसत नाही.

बांधलेलं सामान सोडलं. गुडघे दुखतातच आणि थकवाही तसूभर कमी नाही. तरी आणखी एक वर्ष राहते.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, आणि तुम्हा दोघांची माया माझ्यावर अशीच राहू दे.

तुझी,
ताई

ता. क. ती तीन पानं सोबत आहेत. नीट वाच.