शंभर फुटांची तार

खापर, ९ मार्च १९६१

ती. सौ. रुक्मिणीवहिनींस भिकनचा सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड येऊन पंधरा दिवस झाले. आज लिहू, उद्या लिहू करता करता काठी गावची होळी आली. तिथे नाचणाऱ्या माझ्या दोस्ताच्या, बाज्याच्या, डोक्यावर मोरपिसांचा हा एवढा टोप. तो बांधतात कसा हे शिकण्यात दोन दिवस गेले, नि बांधता काही आला नाही.

असो. मी धाडलेल्या स्पीकरचा आवाज बारीक येतो, आप्पा ओट्यावर बसून हा रेडिओ शे का डास असं विचारतात, हे वाचून मान खाली गेली. गेल्या साली ऐन कापूस वेचणीत न सांगता पळालो, त्यानंतर घरी धाडलेली ही पहिली वस्तू. ती चांगली वाजली तर आप्पा आखाजीच्या सणाला घरी बोलावतील, एवढी एकच आशा.

मी ज्यांच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात आहे ते चुनीलालभाई म्हणतात, दोष पेटीचा नाही, तारेचा. तार पातळ, वर शंभर फूट लांब. अरुंद पाटाने शेवटच्या केळीला पाणी पोचतं का? तसंच हे. माजघरातल्या रेडिओपासून ओट्यापर्यंत वीस फूट पुरे. बाकीची कापून टाका.

माया आहे तशी राहू द्या.

भिकन

प्रकाशे, २० मार्च १९६१

चि. भिकनभाऊंस अनेक आशीर्वाद.

इकडे सारे खुशाल. म्हैस व्याली. घर खरवसात गुंतलंय, त्यामुळे चार दिवस तुम्हाला कोणी नावं ठेवली नाहीत.

तार कापली गेली नाही. मी कात्री घेऊन गेले तर आप्पांनी हातातून काढून घेतली. म्हणे, पोऱ्यानी धाडेल शे, कापानी नही. जास्तीची तार गुंडाळून पागोट्याच्या खुंटीवर टांगली आहे. गुंडाळली म्हणजे आखूडच झाली, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या दगूबाईकाकू रोज विचारतात, बातम्या देणाऱ्याचा आज उपास आहे का. आप्पा पेटीला कान लावून ऐकतात, पण तुमचं नाव घेत नाहीत. आखाजीचं विचारलं तर म्हणाले, आवाज आला तर बघू.

भाकरी वेळेवर खात जा. आठवण असू द्या.

रुक्मिणी

खापर, २ एप्रिल १९६१

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आप्पांना सांगा, तार गुंडाळली तरी आवाजाला शंभर फूट चालावंच लागतं. खुंटीभोवती गरगर फिरून बिचारा ओट्यावर पोचेस्तोवर अर्धा होतो. मी वीस फूट जाड तार घेऊन ठेवली आहे, शनिवारी धाडतो. जुनी खुंटीवर तशीच राहू द्या, म्हणजे आप्पांचंही राहील, आवाजाचंही. रेडकाचं नाव मला विचारल्याशिवाय ठेवू नका, मी एक

थांबा वहिनी. समोर एसटी थांबलीय. आप्पा उतरले. खांद्यावर तीच तार, अख्खी. चुनीलालभाईंना म्हणतात, ज्यानी धाडेल शे त्यानीच कापानी, तो कोठे शे?

मी पडद्याआड आहे. कात्री शोधतो.