स्वस्तातलं व्हायोलिन आणि माझे गुडघे

बाई, मी व्हायोलिन घेतलंय. ऑनलाइन, नवशिक्यांसाठी असतं तसलं, स्वस्तातलं. तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असता, मला माहीत आहे. वाद्य हातात घेऊन, कान देऊन मगच घ्यायचं असं तुम्ही बजावायचात. पण इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये ऑफिस, घर आणि गाडी यांतच दिवस संपतो, आणि अलीकडे मी फार थकते. तुम्ही शिकवलेलं हातात काही उरलंय का, एवढंच एकदा बघायचं होतं. म्हणून कितीतरी दिवस जेवणाच्या सुट्टीत रिव्ह्यू वाचत बसले. खुंट्या घसरतात का, घोडी नीट बसवलेली असते का, गजाचे केस गळतात का, सगळं तपासलं. लेक फोनमध्ये डोकावून म्हणाली, "आई, दॅट्स अ फिडल. पीपल प्ले ब्लूग्रास ऑन इट." म्हटलं, असू दे इथलं लोकसंगीत, तारा चारच आहेत ना.

शनिवारी खोकं आलं. ॲपवर तंबोरा लावून मी तारा उतरवल्या, तुमच्यासारख्या सा-प-सा-प लावल्या. नवरा चहा घेत बघत होता. म्हणाला, "मस्त आहे गं. पण तू बसणार कुठे?" दोन्ही गुडघे बदललेत, बाई. मांडी घालायची नाही अशी डॉक्टरची सक्त ताकीद आहे. एवढं सगळं तपासलं आणि हे डोक्यातच आलं नाही. व्हायोलिन म्हटलं की मनाने मी अजून नागपूरला तुमच्या सतरंजीवरच बसलेली असते. व्हायोलिनची मुंडी उजव्या घोट्यावर टेकवलेली आहे, तुम्ही आत पोळ्या लाटताय. माझा गंधार जरा उतरतो. लाटणं थांबतं. "परत," एवढंच म्हणता. एकदा पिठाच्या हातांनीच बाहेर आलात आणि सगळ्यांसमोर झापलंत, "पाय हलतोय, मग सूर हलणार नाही तर काय होईल?" मी फुगून बसले. पुढच्या शिकवणीला माझ्या जागेवर गोधडीचा एक मऊ तुकडा होता, घोट्याखाली घ्यायला. त्याबद्दल तुम्हीही बोलला नाहीत, मीही नाही.

खुर्चीत बसून पाहिलं, स्टुलावर पाय ठेवून पाहिलं. व्हायोलिन घसरतच राहिलं. शेवटी लेक वैतागली, "आई, जस्ट स्टँड अप, यार. एव्हरीबडी स्टँड्स." मग उभी राहिले, हनुवटीखाली धरलं. जो डावा हात तारेवर मोकळा फिरायचा, तो आता वाद्य पडू नये म्हणून जीव मुठीत धरून होता. मींड येईना. तरी रेटून यमनचे चार सूर वाजवले. गंधार उतरला, चांगलाच उतरला, आणि मी सवयीने थांबले.

"वॉव, आई, यू आर सो गुड!" लेक म्हणाली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. दोघांचं मनापासून होतं, म्हणून मी हसून व्हायोलिन खोक्यात ठेवलं.

हे कुठे पाठवणार, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुमची आठवण येते, बाई, फार येते. मी चुकले हे ऐकू येणारं माणूस आता मला कुणी उरलेलं नाही. परवा वाजवून झाल्यावर मला रडू आलं ते त्याचं. घरात मी पाठ भरून आली म्हणून सांगितलंय.