चकची चावी, काळ्या-पांढऱ्यात

प्रिय आप्पा,

काल खंडेनवमी झाली. गेल्या साली दुखवट्यात पूजा केली नव्हती, म्हणजे तुमच्याशिवायची ही पहिलीच. वर्कशॉपात जे झालं ते घरात कुणाशी बोलता येईना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

सकाळी आई आणि मी कुलूप काढलं. पाने, कानशी, हातोडे पुसून पाटावर मांडले, लेथला झेंडूचा हार घातला. दरवर्षी हे तुम्ही आणि बंडूकाका करायचात, आणि आम्हा बायकांना फक्त आरतीला हाक! काल मात्र काका दारातच उभे. तुम्ही गेल्यापासून तुमच्या धाकट्या भावानं तो उंबरा ओलांडलेला नाही.

आईनं हळद-कुंकू लावलं, मी कॅमेरा काढला. तुम्ही म्हणाला असता, "लोखंडाचं कसलं फोटू काढतीस, माणसांचं काढ की!" माणसांचे काढायचं धाडस नव्हतं हो. आईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. आणि फोटो काळे-पांढरे काढले, कारण लेथवर काम घट्ट धरणाऱ्या जबड्याच्या, म्हणजे चकच्या, चावीवर आईनं लावलेलं लाल बोट मला रंगात नको होतं. हीच चावी उडून तुमच्या कानशिलात बसली ना!

काही उपयोग झाला नाही. कुंकू काळं आलं, वाळून गेल्यासारखं.

किती ओरडायचात सगळ्यांवर! "चकात चावी घालायच्या आधी बटाण बघायचं!" आणि त्या दिवशी स्वतः काय केलंत? लाईट गेली, लेथ मध्येच थांबलं, बटण चालूच राहिलं. तुम्ही चकातला लोखंडी जॉब आवळायला चावी घातलीत आणि लाईट आली, लेथ फिरलं. का एवढी घाई, आप्पा? एकदा मान वळवून बघायला काय झालं होतं?

काका बटणाजवळ उभे होते. तेव्हापासून एकच धोशा, "बटाण मी बंद करायला पायजे हुतं."

काल मी फोटो बघत होते, तर दारातनंच म्हणाले, "सुमे, त्या चावीचा एक मोठा करून दे मला. खोलीत लावतो."

"कशाला काका?"

"डोळं झाकलं की हीच दिसतीया. उघडल्यावर बी दिसू दे की. मला तेवढी शिक्षा नको व्हय?"

काका धड जेवत नाहीत, आप्पा. काकू त्यांना खोलीची कडी आतनं लावू देत नाही. कळतंय ना मी काय सांगते ते? मला तुमचा लई राग येतो. तुम्ही सुटलात, आणि हा माणूस रोज मरतोय.

तो फोटो मी पुसून टाकला. आज दसरा. संध्याकाळी सोनं द्यायला काकांकडं जाईन आणि तोंडावर सांगेन, जो चकात चावी घालतो, बटण त्यानंच बघायचं असतं. चूक आप्पांची होती. नाही पटलं तर उद्या परत जाईन, परवा परत. तुमच्या नावानं शिव्या घालेन, काका माझ्यावर हात उगारेपर्यंत. चूक खरंच कुणाची, ते मला माहीत नाही, आणि आता जाणून घ्यायचंही नाही. वचन देते, मागं हटणार नाही. तेवढा दोष अंगावर घ्या, आप्पा. तुम्हाला आता काही लागत नाही. त्यांना लागतंय.

तुमचीच,
सुमी