अण्णा, तुमची कडी

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच लिहितोय, आणि तेही रागानं. परवा परदेशातून घरी आलो, तर भैरवनाथाच्या ओट्याची कडी गायब! जिला कासरा बांधून तुम्ही बैल आडवे पाडायचात, आयुष्यभर त्यांच्या खुरांना पत्र्या ठोकल्यात, ती कडी मंदिर कमिटीनं ग्रायंडरनं कापली.

द्राक्षवाल्यांच्या दौऱ्यातून इटलीला गेलो होतो. फ्लॉरेन्समध्ये एक जुनं चर्च दाखवलं, नाव काही जिभेवर बसत नाही. तिथं आधी धान्याचा बाजार भरायचा म्हणे. नंतर एकेका धंद्याच्या लोकांनी आपापल्या संताचा पुतळा बाहेरच्या भिंतीत उभा केला. चांभारांचा, विणकरांचा, आणि अण्णा, नालबंदांचासुद्धा!

त्या पुतळ्याखाली कोरलंय काय, तर घोडा लाथा झाडतोय म्हणून संतानं त्याचा पायच कापून घेतला, नाल ठोकला आणि पाय परत चिकटवला. तुमचाच आवाज कानात आला, "आरं, ह्यो नालबंद हाय का कसाई?"

हसलो, आणि मग तिथंच रडलो. दौऱ्यातले बाकीचे लोक चामड्याचे पट्टे-पाकिटं घ्यायला पुढं गेले होते. त्या लोकांनी आपला नालबंद देवाच्या भिंतीत बसवलाय, अण्णा! आणि आपण?

कमिटीचे अध्यक्ष बापूराव म्हणतात, "आता बैल कुणाकडं हायती? गंजकी कडी देवळाला शोभत न्हाय." बरं, तिच्या जागी आणलं काय? फायबरची बैलजोडी! सेल्फी काढायला! वर पाटी, 'आपली संस्कृती'. खुरांना सोनेरी रंग, पत्री एकालाही नाही.

तुमचाही राग येतो. यात्रेत देवाचा गाडा ओढणाऱ्या बैलांना दरवर्षी पत्र्या तुम्ही मारल्यात. मग मानपानाच्या वेळी "आपलं काय हाय तितं?" म्हणत चपलांपाशी का उभे राहायचात? आम्हा पोरांनाही तेच शिकवलंत. का, अण्णा?

कडी मी भंगारातून उचलून आणलीय. कासऱ्यानं घासून आतून गुळगुळीत झालीय, हात फिरवला की तुम्ही आठवता.

सोमवारी ती त्याच जागी सिमेंटात बसवणार, बापूरावांच्या देखत. कशाला म्हणाले, तर सांगेन, "तुमची जोडी मोकळी हाय बापूराव, बांधायला नगं का?"

पुन्हा कापली, तर पुन्हा बसवीन. चपलांपाशी मात्र उभा राहणार नाही.

तुमचा,
दत्ता