तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या

९ मार्च, रविवार सकाळ

ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी दोन, म्हणजे गुडघे, आता जमिनीला टेकत नाहीत. तेवढे वजा करून घे.

हे पत्र तू फोडशील की नाही, माहीत नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसू नये म्हणून ऑफिसातल्या मुलीकडून पत्ता लिहून घेणार होतो. मग म्हटलं, आता एवढी चलाखी पुरे. अक्षराचे हे कोंबडीचे पाय माझेच आहेत.

इकडे सगळे ठीक. तुझी भावजय बरी आहे. माझे वरचे दात गेले, खालचे जाण्याच्या बेतात आहेत. जूनअखेर मी निवृत्त होतोय. एकतीस वर्षं नाट्यगृहाच्या दारात काढल्यावर घरी कुणी आलं तरी आधी 'तिकीट?' असं तोंडात येतं.

नाट्यगृहाचं छप्पर नव्याने घातलं. तळमजल्यावर जुन्या नेपथ्याचं गोदाम होतं ना, जिथे मी डबा खायचो, ते रिकामं करून तिथे आता वर्ग भरतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, तिचंच हे काम. आम्ही तिला वादळ म्हणतो. सकाळी शाळेची पोरं येतात आणि गणित नाटकातून शिकतात. मंगळवारी वृद्धाश्रमातली मंडळी येतात. गुरुवारी ऐकू न येणारी तरुण मुलं हातांनी संवाद म्हणतात. सुरुवातीला माझं डोकं उठलं. मी तिला विचारलं, "हे नाट्यगृह आहे की धर्मशाळा?" तर म्हणाली, "काका, सकाळभर खुर्च्या रिकाम्याच असतात. त्यांना तरी सोबत."

अशा माणसाशी भांडता येत नाही.

या जानेवारीत तिने खुल्या प्रयोगाचं काढलं. खुला म्हणजे काय, तर दिवे पूर्ण मालवायचे नाहीत, मोठे आवाज कमी करायचे, दारं उघडी ठेवायची. ज्याला उठावंसं वाटेल त्याने उठावं, बोलावं, हसावं, परत येऊन बसावं. ज्यांना दिसत नाही त्यांनी आधी रंगमंचावर येऊन वस्तू, कपडे हाताने पाहायचे. मग प्रयोगात रंगमंचावर काय चाललंय ते कानातल्या यंत्रावर कुणीतरी सांगत राहणार. ज्यांना 'नाटक तुमच्यासाठी नाही' असं आजवर सांगितलं गेलं, त्यांच्यासाठी हा प्रयोग.

नाटक तिने कोणतं निवडलं माहीत आहे? तेच, मास्तरांचं.

प्रयोगाआधी एका सकाळी तिने आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रेक्षागृहात बसवलं. म्हणाली, "आजवर कुणाला तरी बाहेर काढलं असेल, त्याची एकेक गोष्ट सांगा." प्रकाशवाल्याने सांगितली. दारावरच्या दोघांनी सांगितल्या. कॅन्टीनवाल्याचा संबंध नव्हता, तरी त्याने तीन सांगितल्या. माझी पाळी आली. मी म्हणालो, "आठवत नाही."

"एकतीस वर्षांत एकही नाही?"

"नाही."

तिने जास्त खोदलं नाही. म्हणाली, आता त्यातली एक, मुलासकट बाहेर काढलेल्या आईची, करून पाहू. निम्मे प्रेक्षक झाले. माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही आई." सगळे खो-खो हसले. मीही हसलो. तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. दुसरी कुठली रांग निवडता आली असती, पण पाय तिकडेच गेले. मग ती माझीच बॅटरी घेऊन आली, उजेड माझ्या मांडीवर टाकला आणि हळूच म्हणाली, "जरा बाहेर येता का?"

उठलो. लोक पाय आखडून वाट देत होते. कुणीतरी नाटकाचा भाग म्हणून 'च्च' केलं. तिसऱ्या रांगेपासून दारापर्यंत चौतीस पावलं आहेत, ताई. ती वाट मी हजारो वेळा चाललो असेन, पण पाठीवर सगळ्यांचे डोळे घेऊन कधीच नाही. दाराशी पोचलो आणि मला ते ढकलता येईना.

"काका, काय झालं?"

मी म्हणालो, "माझ्या सख्ख्या बहिणीला मी असंच काढलं."

प्रकाशवाल्याने पाण्याची बाटली आणून दिली. मी सगळं सांगितलं. तिथे सांगितलं, मग तुला लिहायला का जमू नये, म्हणून आता लिहितो.

तुला यायचंच नव्हतं. "मैना गप्प बसणार नाही रे," तू म्हणाली होतीस. मीच मागे लागलो. मामाचं थिएटर आहे, मी आहे ना, तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या देतो. एकोणीस वर्षांची झाली तरी तिने कधी नाटक पाहिलं नव्हतं. पिवळा फ्रॉक घालून आली होती. माझ्या कोटाची बटणं मोजून झाल्यावरच आत गेली.

पहिला तास तिने हूं की चूं केलं नाही. मग तो प्रवेश आला. बंद पडलेली शाळा, रिकामे बाक, आणि म्हातारे मास्तर एकटेच हजेरी घेतायत. "चार." शांतता. "पाच." शांतता. "सहा." आणि मैना ताडकन उभी राहून ओरडली, "हजर!"

दोघं-चौघं हसले. मागून कुणी 'शुक्' केलं. मैनाने पुन्हा सांगितलं, "हजर! हजर, मास्तर!" नटवर्य थांबले. मान वळवून दाराकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं. वरच्या बॉक्समध्ये विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष बसले होते.

मला येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसता आलं असतं. मी बॅटरी घेऊन आलो.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मी हळू आवाजात बोललो. बोललो हळूच. पण काय बोललो? "बाई, तुम्ही मुलीला घेऊन बाहेर चला."

बाई. तुम्ही.

तुला वाटलं, अंधारात मी ओळखलं नाही. तू कुजबुजलीस, "अरे, मी आहे." मी ओळखलं होतं, ताई. पहिल्यापासून ओळखलं होतं. तरी पुन्हा म्हणालो, "बाई, चला." ही माझी माणसं आहेत हे अध्यक्षांना कळू नये म्हणून.

त्यानंतर नऊ वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. मीही कामाचं, अंतराचं, तब्येतीचं निमित्त पुढे करत राहिलो. तीन वर्षांपूर्वी मैना गेली, तेव्हा मी इस्पितळात आलो होतो. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. दाजी बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसले. ते म्हणाले, कानावर पडलेलं वाक्य ती सोडायची नाही. कितीतरी महिने काही बिनसलं की आईची बाही ओढून म्हणायची, 'बाई, चला.' दाजी रागावून सांगते तर बरं झालं असतं. ते पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होते.

काल तो खुला प्रयोग झाला. सकाळी अकराचा. एकशे चाळीस माणसं आली. एका बापाने मिसरूड फुटलेल्या मुलाला पाठुंगळी आणलं. दोघं आंधळी नवरा-बायको मास्तरांचा कोट चाचपत होती, बाई म्हणाली, "कोपर विरलंय, म्हणजे बायको नाही याला." एक मुलगी सगळा वेळ खुर्चीखाली बसून पाहत होती. एकजण मधल्या वाटेवरून येरझाऱ्या घालत होता, त्याला कुणी अडवलं नाही. मी दारात उभा होतो.

हजेरी सुरू झाली. "एक." "दोन." "तीन." आणि मागून एक जाड आवाज आला, "हजर!"

मास्तर तेच आहेत, ताई. तेच नटवर्य. आता केसांना पांढरा रंग लावावा लागत नाही. त्यांनी चष्मा सारखा केला, आवाजाच्या दिशेने बघितलं आणि म्हणाले, "उशीर केलास. बस." आणि हजेरीपटावर खूण केली.

मग चहूकडून 'हजर' सुरू झालं. त्यांनी प्रत्येकाची खूण केली. सगळं मिळून दीड मिनिट. नाटक पुढे सुरू झालं. कुणाचं काही बिघडलं नाही.

इतकं सोपं होतं, ताई. एवढंच करायचं होतं. मी दार सोडून, आमचे कामाचे कोट टांगतो त्या खोलीत जाऊन उभा राहिलो आणि मला शेवटपर्यंत बाहेर येता आलं नाही.

वादळ म्हणते, बहिणीला बोलवा, आमच्या लोकांशी दोन शब्द बोलू दे. मी म्हणालो, तिला मी काही मागणार नाही. माफीसुद्धा मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी किंवा नाकारावी लागणार. तेवढाही भार तुझ्यावर नको. उत्तराची वाट पाहत नाही असं लिहिणार होतो. पण खोटं लिहायचं वय गेलं. पाहतो.

अंधारात तुला ओळखूनही न ओळखलेला,
तुझा धाकटा भाऊ


२ एप्रिल

बाळ्या,

पत्र पोचलं. तीन आठवडे फ्रिजवर पडून होतं. काल तुझ्या दाजींनी फोडून माझ्यासमोर ठेवलं आणि ते चक्कर मारायला निघून गेले.

दात बसवून घे. खालचे पडायची वाट बघत बसू नकोस.

'बाई' मला लागलं. लागायचं तेवढं लागलं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यासाठी नऊ वर्षं कुणी अबोला धरत नाही. तुला एक गोष्ट माहीत नाही. सहा हा मैनाचा शाळेतला नंबर होता. तिचा नंबर पुकारला, तिने उत्तर दिलं. तिचं काही चुकलं नव्हतं. आणि तू खुर्चीशी यायच्या आधीच मी तिच्या तोंडावर हात दाबून धरला होता. जोरात. तू बॅटरी माझ्या मांडीवर मारलीस, म्हणून तुला तो हात दिसला नाही. नंतर तिच्या गालावर माझी बोटं उमटलेली होती.

तू म्हणालास आणि मी उठले. ती उठत नव्हती, मी तिला ओढून नेलं. भांडायला हवं होतं. मी भांडकुदळ बाई आहे, तुला माहीत आहे; भाजीवाल्याशी भांडते, शाळेशी भांडले, डॉक्टरांशी भांडले. तिथे नाही भांडले. मलाही लोकांची लाजच वाटली होती, बाळ्या. तुझ्यावर रागावून राहिलं की तो हात आठवत नाही. म्हणून रागावून राहिले.

तुझ्या लोकांशी बोलायला मी येणार नाही. आत्ता नाही. पुढचं माहीत नाही.

एक काम कर. मैना मधूनच विचारायची, "मास्तरांचं काय झालं?" आम्ही शेवट पाहिलाच नव्हता. मी दर वेळी काहीतरी ठोकून द्यायचे. एकदा शाळा परत सुरू केली. एकदा मास्तरांना लांबच्या गावी लेकीकडे धाडलं. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची, "खोटं." आजारपणातही विचारलं होतं, शेवटच्या आठवड्यात. मी तेव्हाही खोटंच सांगितलं.

खरं काय झालं ते लिहून पाठव. चार ओळींत उरकू नकोस. कोण काय बोललं, दिवे कसे होते, मास्तर कुठे उभे होते, सगळं लिही. अक्षर जरा बरं काढ. मला तिच्या खोलीत बसून मोठ्याने वाचायचं आहे.

ताई