घासलेले दाते

४ फेब्रुवारी

आलो एकदाचा. माझी एक पिशवी, बायकोने भरून दिलेल्या दोन, आणि तिच्या सूचना: वेळेवर जेवा, पाण्यात वाकून बघू नका, आणि बाळच्या हातांकडे लक्ष ठेवा. बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, डोक्यावर केस नावापुरते, तरी बाळच. दिसेल त्या भोकात हात घालायची त्याला लहानपणापासून खोड. शिवणयंत्रात घातला, विहिरीच्या रहाटात घातला, एकदा शेजारच्या मांजरीच्या तोंडात घातला. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला हिनेच वाढवला. निघताना हिने मला दारात अडवून बजावलं, की त्याला आहे तसा परत आणायचा, सगळे अवयव जागच्या जागी. मी म्हटलं, मी संस्कृतचा मास्तर. मी सोडवतो ते संधी वेगळे, हाडांचे नव्हेत. ती हसली नाही. डबा हातात दिला.

शाळेने संस्कृत बंद केलं आणि मी रिकामा झालो, त्याच सुमारास बाळने ही लाँच घेतली. खाडीच्या या तीरावरची माणसं त्या तीरावर न्यायची, तिकडची इकडे आणायची. तिकिटं फाडायला आणि उतारूंशी गोड बोलायला त्याला घरचं माणूस हवं होतं. गोड बोलायला मी! हे ऐकून मात्र ही पोट धरून हसली होती.

खोली धक्क्यालगतच्या गोदामावर आहे. एक खाट, एक खुर्ची, आणि खालून येणारा दोरखंडांचा व रंगाचा वास. खिडकीतून लाँच दिसते. पांढरी, निळ्या पट्ट्याची, जेवून पडलेल्या सुखी गृहस्थासारखी जरा कललेली. मला आवडली.

५ फेब्रुवारी

गृहस्थ उठत नाहीत. म्हणजे इंजिन सुरू होत नाही. बाळला हे घेतानाच माहीत होतं आणि ते तो मोठ्या खुशीत सांगत होता. म्हणे, भाऊजी, नुसता स्टार्टर तर खराब आहे, बाकी मशीन सोनं आहे सोनं.

त्याने समजावलं ते माझ्या भाषेत असं: इंजिन स्वतःहून जागं होत नाही, त्याला कोणीतरी गदागदा हलवावं लागतं. ते काम स्टार्टरचं. चावी फिरवली की ही छोटी मोटर आपलं दातेरी चाक पुढे सारते, इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकवते आणि त्याला गरका देते. इंजिन उठलं की मोटर मागे सरते. परीक्षेच्या दिवशी आई पोराला उठवते तसं.

आधीच्या मालकाचीही गंमत सांगितली. व्यवहाराच्या दिवशी तो लाँचवर चढलाच नाही. उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली. सही डाव्या हाताने, धक्क्यावरच, गुडघ्यावर कागद ठेवून. स्टार्टर अजून खराबच आहे ना, असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. बाळ हो म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा उजळला. बाळच्या मते माणूस कुजका. आपल्या हातून गेलेली वस्तू दुसऱ्याकडे चालू नये, एवढीच त्याची इच्छा.

६ फेब्रुवारी

इथली माणसं काही फार लाघवी नाहीत. चहावाला सगळ्यांना हातात कप देतो. आमचे कप फळीवर ठेवतो आणि मागे सरतो. धक्क्याच्या मुकादमाला मी नमस्कार केला, तर त्याने माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, की भंगारवाल्याला कधी बोलावताय. मी म्हटलं, माझ्यासाठी की लाँचसाठी? त्यालाही विनोद आवडत नाहीत.

एक गोष्ट आज लक्षात आली. धक्क्यावर बोटी अगदी अंगाला अंग लावून बांधलेल्या आहेत. आमच्या दोन्ही बाजूंना मात्र रिकामं पाणी.

७ फेब्रुवारी

वायरवाली बाई आली. बोटींच्या विजेची कामं करते. पन्नाशीची, दणकट, तोंडाने फटकळ. माझा परिचय होताच तिने मला पंडित करून टाकलं. म्हणाली, पंडित, मंत्र म्हणून बघितलात का, का सरळ मलाच बोलावलंत? मी म्हटलं, मंत्राला दक्षिणा जास्त पडते. ती खो खो हसली. या गावात हसलेलं हे पहिलं माणूस.

चावी फिरवली. काही नाही. दिवाही लागेना. तिने बॅटरीला मीटर लावला, बॅटरी ठणठणीत. मग बॅटरीवरची पकड सोडवली आणि मला जवळ बोलावलं. शिशाचा खुंट आणि पकड यांच्यामध्ये रंगहीन व्हार्निश होतं. सांडलेलं नव्हे, लावलेलं. ब्रशने, चहूबाजूंनी सारखं. बाहेरून पाहणाऱ्याला पकड पक्की. आत विजेला वाट नाही.

तिने पॉलिशकागदाने खुंट लखलखीत केला. चावी फिरवली. आता आवाज आला: टक. तेवढाच. बाळने मला मिठी मारली.

८ फेब्रुवारी

टक म्हणजे चावीचा निरोप सोलेनॉइडपर्यंत पोचतोय. सोलेनॉइड म्हणजे स्टार्टरच्या डोक्यावरचा डबा. तो मोटरला वीज सोडतो. बाईने तो उघडला. आत तांब्याच्या दोन टोकांवर चामड्याची गोल चकती बसवलेली, नेमकी मापाची, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. बाई म्हणाली, हे ज्याने केलंय ना, तो गाढव आहे, पण कामाचा गाढव आहे.

चकती काढली. चावी फिरवली. टक, आणि मग घर्रर्र. मोटर जोरात फिरली. इंजिन जागचं हललं नाही.

दुपारी मी बाळला म्हटलं, की आपण जुन्या मालकाला विचारू या. तो म्हणाला, भाऊजी, तुम्ही पुस्तकातली माणसं, जिथे तिथे टीप शोधता.

९ फेब्रुवारी

स्टार्टर बाहेर काढला. तीन बोल्ट आणि दोन वायरी, बस. इंजिनाच्या अंगावर तो जिथे बसतो तिथे गोल भोक आहे, हात कोपरापर्यंत सहज जाईल एवढं. आत मोठ्या चाकाचे दाते दिसतात. बाळ वाकून बघायला लागला, तसा मी त्याला कॉलर धरून मागे ओढला. सवय.

स्टार्टरच्या छोट्या चाकाला दाते नव्हते. झिजले नव्हते, तुटले नव्हते. कानशीने घासून साफ केले होते. बाईने चाक उजेडात धरून बराच वेळ फिरवलं. म्हणाली, कानशीचे सगळे ओरखडे एकाच बाजूचे आहेत, उथळ, पुन्हा पुन्हा मारलेले. दोन हातांचा माणूस कानस अशी चालवत नाही.

म्हणजे जुना मालक. बाळ हसला, मत्सरी लेकाचा म्हणाला.

मला हसू आलं नाही. ज्याला वस्तू बिघडवायची असते तो हातोडा मारतो आणि मोकळा होतो. हा माणूस एका हाताने, दिवसचे दिवस बसून, एकामागून एक कड्या लावत गेला होता. कड्या आपण केव्हा लावतो?

बाळ नवा स्टार्टर आणायला गेला आहे. जुना मी खोक्यात घालून लाँचवरच ठेवला. का ठेवला, माहीत नाही.

१० फेब्रुवारी

बसवला. चावीला बोट लागायचा अवकाश, इंजिन उठलं.

आवाज चांगला आहे. फार चांगला. इतके दिवस निजलेलं इंजिन कुरकुरतं, धूर ओकतं, असं बाई म्हणत होती. हे जणू सकाळीच थांबलं होतं.

मुकादमाने हात केला आणि आमच्या पलीकडच्या बोटवाल्यांनी दोर सोडून बोटी आणखी लांब नेल्या. भर सकाळी, उतारू तसेच ताटकळत ठेवून.

मग बाळने बंद करायचा दांडा ओढला. इंजिन चालूच. चावी काढली. चालूच. बाईने डिझेलचा कॉक बंद केला आणि म्हणाली, आता नळीतलं संपलं की मरेल. नळीतलं संपलं. तिने नळी सोडवून दाखवली, कोरडी. इंजिन चालत राहिलं. त्याच्या मनात आलं तेव्हा थांबलं.

बाई उठून गेली. मीटर इथेच राहिला तिचा.

११ फेब्रुवारी

मी जुन्या मालकाला फोन केला. नाव सांगताच त्याने विचारलं, की काढला का. मी म्हटलं, नवा बसवला. कधी, असं त्याने विचारलं. मग म्हणाला, जुना परत बसवा. भोक उघडं ठेवू नका, एक क्षणही— आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलत नाही.

बाळला सांगितलं. तो खाली इंजिनाशेजारी बसला होता, तळवा त्याच्या अंगावर ठेवून. इंजिन बंद होतं. तळवा का ठेवलास विचारलं, तर म्हणाला, गरम आहे.

मी हात लावून पाहिला. थंडगार होतं.

१२ फेब्रुवारी

बाळ वर येत नाही. डबा खाली नेला, तसाच परत आणला. म्हटलं, तुझ्या ताईला काय सांगू? तर मान न वळवता म्हणाला, तू तुझं बघ.

तू. वीस वर्षांत हा मला कधी तू म्हणाला नाही.

चहावाल्याने आज कप दिला नाही. पाठ फिरवली.

१३ फेब्रुवारी

बॅटरी काढली. मी स्वतः. उचलून धक्क्यावर उन्हात ठेवली. चावी माझ्या खिशात.

दुपारी खिडकीशी बसलो होतो. बॅटरी समोर दिसत होती, तिच्यावर एक कावळा बसला होता. आणि लाँचमधून—

टक.

मग इंजिन.

कावळा उडाला. मी धावलो. बाळ हसत होता. हात काळे झालेत त्याचे, कोपरापर्यंत. तेल असेल. धुवायला नको म्हणाला.

१४ फेब्रुवारी, सकाळ

त्याला ओढून आणायला लाँचवर चढलो, आणि त्यांनी दोर तोडले.

कुऱ्हाडीने. मुकादम, चहावाला, सगळे. लांब बांबूंनी आम्हाला ढकललं. मी ओरडलो, की आत माणूस आहे, माझा मेहुणा आहे. मुकादम खाली बघून म्हणाला, म्हणूनच. म्हणाला, त्या इंजिनाचं पोट तुमच्यावर भरू दे, आमच्यावर नको.

वायरवाली बाई मागे उभी होती. तिने पान्ह्यांची पिशवी लाँचवर फेकली. ओरडली, पंडित, जुना बसव.

बांबू सुटताच इंजिन सुरू झालं. सुकाणूवर कोणी नाही.

दुपार

खाडीच्या मध्यावर आणून थांबलं. आपणहून.

बाळला दंडाला धरून वर आणलं. आला निमूट. उन्हात बसवला, पाणी पाजलं. मी खाली गेलो. तीन बोल्ट. पान्हा दोनदा हातातून पडला. नवा स्टार्टर काढला, वर आणला आणि पाण्यात टाकला. बुडाला. बुडबुडे आले, संपले.

शांत. किती शांत.

जुना इथे माझ्याजवळ खोक्यात आहे. दाते नसलेला. तो बसवला की झालं, कायमचं. दम लागलाय. पाच मिनिटं बसतो. लिहिलं की मन जाग्यावर येतं.

बाळ शुद्धीवर येतोय. आत्ताच भाऊजी म्हणाला. भाऊजी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हणाला, तुम्ही बसा, मी भोकाची कड पुसून ठेवतो, म्हणजे जुना नीट बसेल. शहाणा माझा. उद्या घरी. आहे तसा परत आणतोय म्हणून हिला—

भोक उघडं आहे.

जुन्या मालकाचा हात. स्टार्टर घासण्याआधी गेला होता. आधी. म्हणजे तेव्हाही कोणीतरी स्टार्टर काढून—

बाळचा शर्ट इथे पडलाय. घडी घालून.

हाक मारतोय. बाळ, हात बाहेर काढ. तो म्हणतो, थांब, दात्यात अडकू दे. थांब तू—

मी खाली जा—

टक.

स्टार्टर तर पाण्यात आहे. मग हे फिरवतंय को