यादीतलं पहिलं कॉलेज

अप्पा, तुमच्या नातीला कॉम्प्युटरची डिग्री करायची आहे आणि कॉलेजांची यादी भरायची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपते. यादी म्हणजे काय, ते तुम्हाला आधी सांगायला पाहिजे. आपल्या वेळी नंबर पुकारून हॉलमध्ये बोलवायचे आणि कोणतं कॉलेज पाहिजे ते तिथंच विचारायचे, तसं आता राहिलं नाही. आता पोरं आपल्या पसंतीनं एकाखाली एक कॉलेजं भरतात, आणि मार्क बघून वरून खाली जिथं पहिल्यांदा जागा लागेल ते कॉलेज मिळतं. एक नंबरला टाकलेलं मिळालं तर विषय संपला. तेच घ्यायचं, नाहीतर घरी बसायचं, खालच्या कॉलेजांकडं परत बघायची सोय नाही. हे मी तुम्हाला तोंडपाठ सांगू शकते, कारण लातूरला माझं दुकान ह्याच कामाचं आहे. औश्याहून, निलंग्याहून माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागदं घेऊन येतात, खुर्ची ओढतात आणि म्हणतात, "म्याडम, आमच्या पोराला कोणतं टाकू?" मी त्यांना फाडकन विचारते, "कॉलेजात तुम्ही बसणार का तो?" मग माणसं पोराला पुढं बसवतात. म्याडम तोंडाची फटकळ आहे, पण फॉर्म चुकू देत नाही, असं माझं नाव आहे इथं. आज सकाळी त्या नावाला मी स्वतःच काळं फासलं.

तिनं तिची यादी वहीत लिहून मला वाचायला दिली होती. एक नंबरला नांदेड. दोन नंबरला पुणं, तीनला पुणं, चारला संभाजीनगर, आणि खाली आणखी दहा-बारा. मार्क असे आहेत की पुण्याचं ते कॉलेज अगदी सहज लागेल. त्याच्यासाठी अर्धं लातूर जीव टाकतं, आणि ही बया नांदेड वर टाकून राहिली. मी म्हणलं, कंपन्या पुण्यात येतात, मोठी माणसं पुण्यात शिकवतात, तू काय केळी तोडायला चाललीस का तिथल्या अर्धापूरच्या मळ्यात? ती शांतपणे चपाती मोडत होती. म्हणाली, "मम्मी, मी तिन्ही कॉलेजं बघून आलेय. तू वेबसाईट बघितलीस."

ते खरं होतं. मैत्रिणीच्या वडिलांसोबत ती दोन्ही शहरांना जाऊन आली होती आणि प्रत्येक ठिकाणी तिनं एकच प्रश्न विचारला होता, सुटीच्या दिवशी लॅब उघडी असते का. पुण्याच्या कॉलेजात काचेचं दार होतं, आत ओळीनं नवे कॉम्प्युटर होते, आणि शिपाई म्हणाला की ॲडमिशन झाल्यावर बघा. नांदेडला ती रविवारी गेली तर लॅबमध्ये चार मुली बसलेल्या. केळीच्या पानाचा फोटो काढला की कोणता रोग आहे ते सांगणारा प्रोग्राम लिहीत होत्या. त्यांनी हिला शेजारी बसवून घेतलं. "त्यांनी मला त्यांचा कोड वाचू दिला. मला अर्धा कळला नाही, पण कुणी हसलं नाही. सर आले, त्यांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी फळ्यावर आकृती काढली." हे सांगताना तिचा चेहरा कसा होता ते मी बघितलं होतं, अप्पा. बघूनही मी ऐकलं नाही, एवढा माझा हट्ट.

ती आंघोळीला गेली तेवढ्यात मी दुकानात आले आणि फॉर्म उघडला. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे पासवर्ड मीच बनवून देते, हिचाही माझ्याकडंच. पुणं उचलून एक नंबरला ठेवलं, दुसरं पुणं दोनला आणि नांदेड ढकललं चारला. स्वतःला सांगितलं की नांदेड काढलं थोडंच आहे, यादीत आहे की. आणि हा नियम मीच रोज पाच-पाच जणांना समजावते. पुणं एकला लागलं की नांदेड असून नसल्यासारखं. कळत होतं, तरी हात थांबला नाही.

तिच्या मोबाईलवर मेसेज गेला, यादी बदलली म्हणून. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. केस ओले, पायात घरातली चप्पल, अशी ती दुकानात आली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं म्हणून बरं. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुझं पुणं राहिलं म्हणून?"

मी म्हणलं, "मला मिळतच होतं. अप्पांमुळं उशीर झाला, जागा संपल्या."

"मग तू आजोबांवर चीड. माझ्यावर कशाला?" आणि ती निघून गेली.

तिच्यापेक्षा मला माझ्याच वाक्याचा राग आला. आणि मग तुमची गिरणी डोळ्यापुढं आली. लोहा गावाच्या रस्त्यावरची आपली पिठाची गिरणी, पत्र्याची, चालू झाली की अख्खी भिंत थरथरायची. तुमच्या पापण्या पांढऱ्या, मिशी पांढरी, आणि दारापासून चिंचेपर्यंत डब्यांची लाईन. बायका डबा ठेवून शेतावर जायच्या. लाईनला त्या नसायच्या, त्यांचा डबा असायचा, आणि डबा म्हणजे माणूस असा तुमचा कायदा. सरपंचाचा डबा आला तरी शेवटाला. मी चौथी-पाचवीत असेन. आई घरी वाट बघत होती, पाहुणे आले होते, पीठ संपलेलं. मी आपला डबा उचलून गुपचूप दुसऱ्या नंबरला सरकवला. एकाच डब्याचं तर काम होतं. तुम्ही गिरणीचा पट्टा पाडलात, आवाज बंद झाला, आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "काय करून राहिलीस?" मी म्हणलं, आपलीच गिरणी हाय ना अप्पा. तुम्ही डबा उचललात आणि चिंचेखाली नेऊन सगळ्यात मागं ठेवलात. "गिरणी आपली हाय, लाईन आपली न्हाई. ज्यानं डबा जिथं ठेवला तिथंच राहील. त्याच्या माघारी हात लावायचा न्हाई." त्या दिवशी पाहुण्यांना ज्वारीच्या कण्यांवर भागवावं लागलं. आई तुमच्याशी दोन दिवस बोलली नाही. मी तर लाजेनं मेले होते.

मग मी उठले आणि फॉर्म परत उघडला. नांदेड एकला, पुणं दोनला, तिच्या वहीत होतं तसं, ओळीला ओळ लावून तपासलं. पासवर्ड बदलण्याचं पान उघडलं, घरी गेले आणि तिच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवून म्हणलं, नवा टाक, मला सांगू नको. तिनं टाकला. चहा ठेवू का, म्हणून तिनंच विचारलं. उद्या लॉक करायचं बटण तीच दाबेल आणि मी तेव्हा दुकानात दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचा फॉर्म भरत असेन. नणंदेचा फोन येईल, पोरीला नांदेडला का टाकलं म्हणून. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या, मी ह्या यादीला परत हात लावणार नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. दुपारचं शटर अर्धं ओढलं आहे, कुणी येणार नाही.

माझ्या ॲडमिशनच्या दिवशी आपण सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो. तुम्ही धुतलेलं धोतर नेसला होता, कानामागं तरी थोडं पीठ राहिलंच होतं. वाटेत तुम्ही एका दुकानात थांबलात, इंजिनियर होणाऱ्या पोरीला चांगला कॅल्क्युलेटर पाहिजे म्हणून. दुकानदारानं चार दाखवले, तुम्ही चारही तळहातावर ठेवून वजन बघितलंत. मला हसू येत होतं. हॉलच्या दारात पोचलो तर माझा नंबर पुकारून राहिले होते. तुम्ही पिशवीतून कागदं काढत होता, मी ती हिसकावून एकटीच आत पळाले. आत लाकडी फळा, त्याच्यावर कॉलेजांची नावं, प्रत्येकाच्या पुढं उरलेल्या जागा खडूनं लिहिलेल्या. माझ्या पुढची मुलगी साहेबांशी इंग्रजीत बोलली, घडाघडा, आणि मला वाटलं, पुण्यात सगळ्या अशाच असणार. साहेब म्हणाले, "बोल बाळा." मी नांदेड बोलले.

बाहेर तुम्ही भिंतीला टेकून उभे होता, कॅल्क्युलेटरचं खोकं छातीशी धरून. मी म्हणलं, पुण्याच्या जागा संपल्या अप्पा, उशीर झाला आपल्याला. तुम्ही खोक्याकडं बघितलंत.

नांदेडनं माझं काही वाईट केलं नाही, ते खरं सांगते. त्याच कॉलेजच्या जिवावर आज माझं घर चालतं. पण तुम्ही ते कधी सोडलं नाहीत. गिरणीवर आलेल्या माणसाला सांगायचात, माझ्यापायी पोरीचं पुणं हुकलं. शेवटी दवाखान्यात, बोलायला दम पुरत नव्हता तेव्हाही म्हणालात, "त्या दुकानात थांबायचं नव्हतं गं." मी तुमचा हात चोळत होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणलं, जाऊ द्या अप्पा, झालं ते झालं. म्हणजे मी तुम्हाला माफ केलं, अप्पा. माझ्या खोट्याबद्दल मी तुम्हाला माफ केलं.

नातीला आज संध्याकाळी सांगणार आहे, चहा पिताना, तिच्या तोंडाकडं बघून. आजोबांवर चिडायचं कुणालाच काही कारण नाही, हे तिला कळायला पाहिजे. हा कागद मात्र कुठं टाकू? गिरणी दुसऱ्यानं घेतली, तिथं आता लाईनसुद्धा लागत नाही म्हणतात. कॅल्क्युलेटरच्या खोक्यात घडी करून ठेवते.

फळ्यावर पुण्याच्या पुढं चार लिहिलेलं होतं, अप्पा. आपल्याला उशीर झालाच नव्हता.